लाल दोऱ्याच्या चार गाठी

“पात लागली गंऽऽ! पात लागलीऽऽ!”

इतकी वर्षं झाली, तरी एप्रिल सरताना रात्री रस्त्यानं कुणी घाईघाईनं गेलं की हा आवाज माझ्या कानात उठतो. बायका ओळीनं निंदायला बसतात, तेव्हा ज्या पट्टीवर जी बसली ती तिची पात. पात बांधाला लागली की बाई मान वर करते आणि अशी हाक देते. तुळजाबाई ती हाक डांबरी रस्त्यावर द्यायची. पुढं अंधारात उभ्या असलेल्या गड्याला कळावं, की मी आले, हात पुढं कर.

गोष्ट एक्क्याण्णव सालची. जालना जिल्ह्याला एक मे रोजी दहा वर्षं भरणार होती. त्या निमित्तानं व्यापारी मंडळानं कारखान्यांची रात्रदौड ठेवली. सांजेला धावड्याहून निघायचं, भोकरदन, हसनाबाद, राजूर करत सकाळच्या झेंडावंदनाआधी जालन्याच्या मैदानावर पोचायचं. ऐंशी किलोमीटर, पाच-पाचचे सोळा टप्पे. एकाच्या हातातला लाकडी दांडा दुसऱ्याच्या हातात. संघ आठ जणांचा, त्यात एक तरी बाई हवीच.

आमचा कारखाना बियाण्यांचा. मी तिथं टायपिस्ट, चोवीस वर्षांची, आणि त्या रात्री टप्प्यांचा तक्ता भरायचं काम माझ्याकडं. मॅनेजर गिरिधरसाहेबांनी तक्ता स्वतः आखला. सहा गड्यांना दोन-दोन टप्पे. तुळजाबाईला एक, तोही पहिला, उजेड असेतोवरचा. आणि उरलेले तीन वसंताला. वसंता हा साहेबांचा मेव्हणा, चार महिन्यांपूर्वी गोदामात लागलेला.

तीन त्यालाच का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मालक अण्णासाहेबांनी सभेत शब्द दिला होता, “आपण जिंकलो तर जो सगळ्यांत जास्त पळंल, त्याला कायम करतो. गोदामाचा मुकादम.” कायम! तुळजाबाई अकरा हंगाम झाले कारखान्यात होती. हंगाम आला की बोलवायचं, सरला की घरी धाडायचं. कपाशीच्या प्लॉटवर फुलांचं क्रॉसिंग, म्हणजे एका वाणाचा पराग दुसऱ्या वाणाच्या फुलाला लावणं, तिच्याइतकं कुणाला जमत नव्हतं. नवरा गेल्यापासून दोन लेकरं घेऊन अंतरवाली सराटीहून जालन्याला आलेली. दर वर्षी दिवाळीनंतर तिचा एकच प्रश्न असायचा, “शरयूताई, औंदा काही कायमचं निघालं का हो?” मी दर वर्षी नाही म्हणायची.

धावड्याला संघ उभा राहिला. कंपनीनं कॅनव्हासचे बूट आणले होते, सात जोड.

“बाईचा जोड?” मी विचारलं.

“एकच तर टप्पा हाय तिचा,” साहेब म्हणाले. “पाच किलोमीटरसाठी कशाला?”

तुळजाबाई हसली. “राहू द्या साहेब. माझे पाय बुटाला लाजत्यात.” तिनं लुगड्याचा काचा मारला, कनवटीची लाल दोऱ्याची गुंडी चाचपली आणि अनवाणी निघाली. पाच किलोमीटर पळून आली, दांडा कचरूच्या हातात देण्याआधी कनवटीचा दोरा दातानं तोडला आणि दांड्याला एक गाठ मारली.

“अगं मावशे, जल्दी दे ना!” कचरू ओरडला. तो पोती उचलणारा आमचा हमाल. “पूजा घालून राह्यली का काय?”

“गप ए. आपल्या कामाला आपला दोरा.”

ते मला ठाऊक होतं. क्रॉसिंगला प्रत्येक बाईचा दोरा वेगळ्या रंगाचा. ज्या फुलावर हात चालवला, त्याच्या देठाला आपला दोरा बांधायचा. महिन्यानं बोंड धरलं की मुकादम विचारतो, हे कुणाचं? बाई बोलत नाही, दोरा बोलतो. अकरा हंगामांत हजारो गाठी मारलेल्या त्या बोटांना काम संपलं की गाठ मारायची हे सांगावं लागत नव्हतं.

पुढचे गडी ट्रकनं आपापल्या जागी सोडलेले. जीपमध्ये आम्ही चौघं, भुजंग ड्रायव्हर, मी, पळून झालेली तुळजाबाई आणि गिरिधरसाहेब. हसनाबादच्या अलीकडं वसंताचा पहिला टप्पा लागला. दोनच किलोमीटर गेला असेल. रस्त्याच्या कडेला वाकून ओकत बसला. भोकरदनला त्यानं वाटीभर तर्री ओतून भजी हाणली होती, भुजंगनं तेव्हाच हटकलं होतं.

“आता हो?” भुजंग म्हणाला. “पुढचा गडी तीन किलोमीटरवर उभा हाय.”

तुळजाबाई जीपमधून उतरली. वसंताच्या मुठीतला दांडा तिनं सोडवून घेतला, जशी एखादी आई लेकराच्या हातातला विळा काढून घेते. आणि गेली. जीपच्या उजेडात तिचे तळवे दिसत होते, डांबराच्या काळ्या धुळीनं माखलेले. ती पळताना गात होती. दम लागेल म्हणून मी ओरडले, तर म्हणाली, “गानं थांबलं की दम लागतो, ताई.”

*वाटंला न्हाई तोंड, वाट बोलंना गं बाई*
*कोण धावलं रातीचं, तिच्या बिगर ठावं न्हाई*

तीन किलोमीटर झाले. “पात लागली गंऽऽ!” दुसरी गाठ.

मी तक्त्यावर पेन टेकवलं तसा साहेबांनी हात आडवा घातला. “नाव वसंताचंच राहू द्या.”

“पण साहेब, पळाल्या तर...”

“नियम हाय. बाईनं अंधारात टप्पा घेतला तर सगळा संघ बाद. सात गड्यांची मेहनत मातीत घालायची का तुम्हाला?” मग तुळजाबाईकडं वळून, अगदी मऊ आवाजात, “काय बाई, बराबर हाय ना?”

ती पाणी पीत होती. सात गडी, हा शब्द तिनं ऐकला. “बराबर हाय,” म्हणाली.

आणि मी लिहिलं. वसंता. सुवाच्य अक्षरात.

राजूरच्या पुढं वसंताचा दुसरा टप्पा. तो मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेला. तुळजाबाई उतरली, पुरे पाच पळाली. तिसरी गाठ. मी लिहिलं, वसंता. शेवटचा टप्पा आला तेव्हा पूर्वेला पांढरं फुटत होतं आणि एका जिनिंग कारखान्याचा गडी आमच्या शंभर पावलं पुढं होता. तुळजाबाईच्या टाचेला भेग पडून रक्त आलेलं. भुजंगनं आपल्या मुंडाशाची पट्टी फाडून बांधली.

तिनं तो गडी औरंगाबादकडचा रस्ता मिळतो तिथं गाठला आणि मागं टाकला. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एवढ्यात कुंडलिका नदीचा पूल आला. पुलापाशी जीप आडवी लागली. वसंता खाली उतरला, तोंड धुतलेला, केस विंचरलेला, बूट कोरे.

“दे,” तो म्हणाला.

तुळजाबाई थांबली. छाती भात्यासारखी हलत होती. तिनं साहेबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी खाली पाहिलं. तिनं गाठ मारली, चौथी, आणि दांडा दिला. उरलेला अर्धा किलोमीटर वसंता पळाला. मैदानावर ताशा वाजला, गुलाल उधळला, फोटो निघाला. फोटोत वसंता दांडा डोक्यावर धरून उभा आहे आणि त्याला लटकलेले लाल दोरे स्पष्ट दिसतात. लोकांना वाटलं, नवसाचे असतील. साहेब तर म्हणाले, “शुभ म्हणून बांधलेत.”

शुभ! अजूनही तो शब्द आठवला की माझे दात एकमेकांवर दाबले जातात.

तुळजाबाई पुलाच्या कठड्याला टेकून बसली होती. मैदानावर आली नाही. “जाऊ द्या ताई,” म्हणाली. “ढाल तर आली ना? पोरं खूश हायेत.”

मंगळवारी साहेबांनी मला बक्षिसाचे कागद फाइलला लावायला दिले. त्यात नियमांचा छापील कागद होता. मी तो उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. कलम चार, आठांपैकी कोणीही, कोणताही टप्पा, कितीही वेळा धावू शकेल. बस्स. अंधाराचं नाव नाही, बाईचं नाव नाही, बाद होण्याचं नाव नाही.

मला चीड आली ती आधी साहेबांची. घरी जाऊन ताटावर बसले, तेव्हा कळलं की त्यांची निम्मीच होती. पेन माझ्या हातात होतं. नियम दाखवा, एवढे दोन शब्द मला त्या जीपमध्ये सुचले नाहीत. वडील सरकारी कचेरीत कारकून, लहानपणापासून ऐकलेलं, साहेब सांगतील ते लिहावं, आपली सही सांभाळावी. सही सांभाळली मी! आणि एका बाईच्या रक्ताळलेल्या टाचेवर दुसऱ्याचं नाव लिहिलं. तरी मी बुधवारी गप्प राहिले. गुरुवारीही. तुळजाबाई चाळणीवर बी निवडत होती, लंगडत ये-जा करत होती, आणि मी तिच्या समोरून जायचं टाळत होते.

शनिवारी ग्रेडिंगच्या हॉलमध्ये सगळ्यांना जमवलं. टेबलावर ढाल, शेजारी तो दांडा. अण्णासाहेब आले. हंगामी बायका मागं, भिंतीपाशी खाली बसल्या होत्या. साहेबांनी तक्ता माझ्या हातात दिला. “वाचा शरयूबाई. मोठ्यानं.”

मी वाचू लागले. कचरू, दोन टप्पे, दहा किलोमीटर. टाळ्या. एकेक नाव, एकेक टाळी. “तुळजाबाई, एक टप्पा, पाच किलोमीटर.” मागून बायकांनी टाळ्या वाजवल्या, तिनं पदर तोंडावर घेतला. “वसंता, तीन टप्पे, पंधरा...”

वसंता आधीच खुर्चीतून अर्धा उठला होता. गळ्यात हार घालून घ्यायला मान पुढं.

मी वाचायची थांबले. समोर दांडा होता. चार गाठी. सगळ्या हॉलला दिसत होत्या आणि कुणालाच दिसत नव्हत्या.

“काय झालं?” गिरिधरसाहेब म्हणाले. “वाचा ना पुढं.”

मी तक्ता टेबलावर ठेवला आणि दांडा उचलला.

“अण्णासाहेब, क्रॉसिंगच्या बायांना विचारा, लाल दोरा कुणाचा?”

मागून झुंबरबाई, तुळजाबाईच्या शेजारच्या चाळणीवरची, बसल्या जागेवरून म्हणाली, “तुळजीचा हो. साऱ्या कारखान्याला ठावं हाय.”

“शरयूबाई!” साहेब ओरडले.

“थांबा हो गिरिधरराव,” अण्णासाहेब म्हणाले. “बोलू द्या तिला.”

भुजंग दारात उभा होता, त्यानं मुंडासं काढलं. तुळजाबाईनं पदराआडून मान हलवली, नको ताई, नको. तिच्याकडं पाहिलं असतं तर मी पुन्हा गप्प झाले असते. म्हणून मी अण्णासाहेबांकडंच पाहिलं.

“दांड्यावर चार गाठी आहेत. पहिली धावड्याच्या टप्प्याची. दुसरी हसनाबादची, तिसरी राजूरच्या पुढची, चौथी कुंडलिकेच्या पुलावरची. साडेसतरा किलोमीटर तुळजाबाई पळाल्या, अनवाणी. वसंता अडीच पळाला. बाई अंधारात पळाली तर संघ बाद, असं आम्हाला सांगितलं गेलं, आणि असा नियमच नाही. तो कागद माझ्या फाइलला आहे. आणि अण्णासाहेब, तक्त्यावरचं अक्षर माझं आहे. खोटं मी लिहिलंय.”