अख्खं कोहळं

ती सुरी त्या दिवशी माह्या हातात पाह्यजे होती.

वाशीमच्या बाजारात आमचं वांग्या-मुळ्याचं दुकान. दुकान म्हंजे काय, एक पोतं अंथरलं की झालं. बाजूले गोजरामावशी बसे. रिठद गावाहून बैलबंडीत कोहळे, म्हंजे लाल भोपळे, घेऊन ये. आमच्याकडं बाईमानूस अख्ख्या कोहळ्याले सुरी लावत नाई. पहिला वार गड्यानं कराचा, मंग बाईनं फाका कराच्या. मावशीले ना नवरा, ना पोरगा. मी सहा वर्साचा होतो तवापासून तिच्या कोहळ्यावर पहिला वार माहा.

शाळा मी तीन वर्सं झाले सोडली. मास्तरनं कान पिळला, मी त्यायची छडी मोडून खिडकीबाहेर फेकली, इषय संपला. पन मावशीचा संपत नव्हता. त्या दिवशी गिऱ्हाईक बायाईसमोर मोठ्यानं म्हने, "उठा बालिष्टर साहेब! कोर्ट भरलं, कोहळं वाट पाहून राह्यलं!"

बाया खदाखदा हासल्या. माहं डोस्कं भनकलं.

"तुह्या बापाचा गडी हाय काय मी?" म्हनलं. "फोड तुही तू."

"अबे, रागावला काय? ये न लेका."

मी उठलो नाई. मुळ्याच्या जुड्या बांधत बसलो.

मावशीनं इकडं तिकडं पाह्यलं. चिंचेखाली एक मानूस उभा होता. त्याले मी आधीच हेरलं होतं. सकाळपासून तीनदा बाजार फिरला, पन एका बी मालाकडं पाह्यलं नाई. हात रिकामे. केसात कापसाचा भुगा, म्हंजे सरकी काढाच्या जिनातला. एक गाल सुजून काळा पडला होता.

"ओ दादा," मावशी म्हने, "येवढं कोहळं फोडून द्या न. गडीमानूस नाई आज."

तो आला. उकिडवा बसला. एका वारात कोहळं दोन झालं. मंग त्यानं सुरीकडं असं पाह्यलं, जसं ती त्याले आत्ताच दिसली. उठला अन् सुरी घेऊन चालाले लागला.

"दादा, माही सुरी!"

"गेली तुही सुरी!" मी वरडलो. मले हासू आलं होतं. खरं सांगतो, मी हासलो.

दहा पावलावर जब्बारचाचाचं कल्हईचं दुकान. समोर जिनाचा मुकादम उदयसिंग पाठ करून उभा होता, हंडा कल्हई कराले आनला होता. तो मानूस त्याच्या मागं गेला. मले वाटलं खांद्यावर हात ठेवला. उदयसिंग हंड्यावर पडला. हंडा गडगडत आमच्या पोत्यापर्यंत आला.

कोनी वरडलं नाई. पहिले तं कोनालेच समजलं नाई. तो मानूस तसाच हळूहळू परत आला, सुरी मावशीच्या पोत्यावर कोहळ्याजवळ ठेवली अन् म्हने, "घे बाई." अन् ठेसनाच्या रस्त्यानं चालला गेला.

मंग बाजार फुटला. टोपल्या उलथ्या, टमाटे पायाखाली, लेकरं रडून राह्यलेले. मी जागचा हाललो नाई. कोहळ्याच्या पिवळ्या गरावर लाल थेंब होते.

ठेसनाजवळ कापसाचे दोन जिन झाले तवापासून वाशीमात निम्मी तोंडं अनोळखी. आधी भांडन झालं तं काठ्या निघत, डोस्कं फुटे, लोक मधात पडत, अन् संध्याकाळी तेच दोघं एका ओट्यावर बिडी ओढत. या होळीपासून तीन मुडदे पडले, तिन्ही सुरीनं. हा चौथा. तिघायचं मी आयकलं होतं. आयकनं अन् पाह्यनं, लय फरक हाय गड्या.

पोलीस जमादार आला. मुलुख त्याचा दूरचा, बोली हिंदुस्थानी. लोक परत गोळा झाले, पन पाह्यलं कोनीच नव्हतं. जब्बारचाचा म्हने, "साहेब, मैं तो सर झुकाके बर्तन घिस रहा था." जमादारानं सुरी उचलली.

"किसकी है?"

"माही," मावशी म्हने.

"उसको क्यों दी?"

"कोहळं फोडाले."

"तेरे हाथ टूटे हैं? सब्जी बेचती है, कद्दू नहीं काट सकती?" त्यानं तिचं मनगट धरलं. "मिली हुई है. चल थाने."

मावशीनं माह्याकडं पाह्यलं नाई. माहं नाव बी घेतलं नाई. तेच मले चावलं.

गलका आयकून धावत आलेला बाबा माह्या कानात म्हने, "चूप बस. साक्षीत पडलास तं जिंदगी कोर्टात जाईन."

मी उठलो. एक अख्खं कोहळं उचललं, आमच्या पोत्यावरची सुरी घेतली अन् पहिल्या बाईपुढं नेऊन ठेवली. "फोड." ती मागं सरकली. दुसरीपुढं ठेवली. "फोड वं." तिनं पदर तोंडात धरला. तिसरी तं पळालीच.

"पाहा साहेब," मी वरडलो. "बाजारातल्या एका बाईच्यानं फोडून दाखवा! इथं गडीच फोडते. तिनं गडी पाहून हाक मारली, बस."

जमादारानं बायाईकडं पाह्यलं. मंग माह्याकडं. "रोज कौन काटता है?"

"मी."

"आज?"

"आज मी उठलो नाई."

मावशीचं मनगट त्यानं हळूच सोडलं. मंग जब्बारचाचा बी बोलला, "साहेब, लडका सच बोल रहा है. मैंने भी देखा." मंग समजलं, सुरी चालवनारा मानूस त्याच जिनातला भाऊसिंग होता. आदल्या दिवशी मुकादमानं जिनाच्या फाटकात, साऱ्यायपुढं त्याच्या तोंडावर जोडा मारला होता. पोलिसायले तो ठेसनावरच्या बाकड्यावर सापडला. गाडी लेट होती.

पुढच्या बाजारी मावशी आली. कोहळे आनले. एक बाई म्हने, "एक फाक दे वं."

"फाक नाई. अख्खं न्याचं तं ने."

तीन गिऱ्हाईकं तशीच गेली. मी उठून तिच्यापाशी जाऊन बसलो. हात पुढं केला.

"दे न मावशी. फोडतो मी."

तिनं माह्या हाताकडं लय वेळ पाह्यलं.

"सुरीच नाई आनली बापा," म्हने.

तिच्या मांडीजवळ पोत्याखालून नव्या सुरीची मूठ दिसून राह्यली होती. मी उठून माह्या मुळ्यायपाशी येऊन बसलो.