तीन दिवसांच्या गोळ्या

मी एक जुनी रक्तवाहिनी आहे. धरणगावच्या गनीभाई पिंजाऱ्यांच्या मांडीत सहासष्ट वर्षे राबते आहे. मित्रांनो, आज मी संतापले आहे.

तरुणपणी मी मऊ होते. गनीभाई गाद्या भरायला गावोगाव चालत, तेव्हा माझे आतले अस्तर सांगे, 'सैल हो', आणि मी रुंद होई. ते बसलेले उठत, तेव्हा मेंदूचा हुकूम येई, 'आवळ'. मी लगेच आवळत असे, म्हणून रक्त पायांत साचत नसे, डोक्याला पोहोचे. याबद्दल कोणी शाबासकी दिली नाही. मी मागितलीही नाही.

वयाबरोबर मी ताठ झाले. त्यात रक्तदाब वाढला. वर्षानुवर्षे आतून दणके बसून माझी भिंत जाड झाली. आता मला नीट सैल होता येत नाही, आणि आवळायलाही उशीर होतो. डॉक्टरबाईंनी रोज एक गोळी सांगितली. गनीभाई म्हणत, "दुखत तर काहीच नाही." मी मुकी आहे, हाच माझा गुन्हा.

परवा तपासणीला जायचे होते. तीन दिवसांच्या गोळ्या घ्यायच्या राहिल्या होत्या. गनीभाईंनी तिन्ही एकदम गिळल्या.

"हे काय?" त्यांच्या पत्नी सितारा यांनी विचारले.

"नमाज राहिली तर मागाहून कजा पढतो ना? तशाच या."

"मग तीन दिवस उपाशी राहून आज एकदम नऊ भाकरी खाल का?"

गनीभाई हसले आणि रजई शिवायला बसले. दोन तासांनी रिक्षा आली, तसे ते झटक्यात उठले. तीन गोळ्यांनी दाब फार उतरला होता. हुकूम आला, मी धडपडले, पण वेळेत आवळू शकले नाही. गनीभाई कोसळले. भुवईला चार टाके पडले.

शेजारचे अभिमन आबा म्हणाले, "गनीभाऊ, ह्या गोळ्याच वाईट शेतस. बठ्ठ्या फेकी दे."

सगळ्या गोळ्या फेकायला गनीभाईंनी मान डोलावली. माझा जळफळाट झाला. गोळी सुटली तर दणके डोक्यातल्या माझ्या नाजूक बहिणीला बसतील. ती फुटली, तर हे हात पुन्हा सुई धरणार नाहीत.

सितारांनी गोळ्यांचे पाकीट उचलले आणि नवऱ्याला डॉक्टरबाईंपुढे बसवले. बाई कडाडल्या, "राहिलेली गोळी भरून काढायची नसते. रोज एकच. आणि उठताना आधी थोडे बसा."

आज सकाळी त्यांनी एकच गोळी घेतली. पाय खाली सोडून बसले, मग सावकाश उठले. तेवढ्या वेळात मला आवळता आले.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना आजच विचारा, गोळी घेतली का? 'दुखत नाही' म्हणाले, तर ऐकू नका. हसले, तर रागवा. राग मलाही येतो, पण मला बोलता येत नाही. तुम्हाला येते.