खाटकाच्या घरची कढई

मी एक जुनी बिडाची कढई आहे. रंगाने काळी, अंगाने जड आणि स्वभावाने जरा भोचक. भट्टीतलं लाल लोखंड साच्यात ओतलं आणि मी जन्मले. मग मी एका खाटकाच्या घरी आले. त्याला सगळे पैलवान म्हणत.

दुकानातलं उत्तम मांस रोज माझ्यात शिजे. "या कढईला तोड नाही!" असं पैलवान म्हणाला की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

मित्रांनो, एका दुपारी तो छाती धरून दुकानातच खाली बसला. तेव्हा निभावलं. पण डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं, मांस आठवड्यातून दोनदाच. एरवी डाळी, कडधान्यं, भाज्या. पैलवान ऐकतो कसला! "मीच खाल्लं नाही, तर गिऱ्हाईक काय म्हणेल?"

शेवटी त्याच्या बायकोने आणि मुलीने शक्कल लढवली. त्याने आणलेला खिमा फ्रीजमध्ये दडवला आणि भरड वाटलेली मसूर त्याच मसाल्यात परतली. पैलवानाने घास घेतला. मायलेकींचा जीव टांगणीला लागला.

"झकास! खिमा कुटावा तर मीच!" तो म्हणाला.

हे काही दिवस चाललं. मग एकदा त्याने पाण्यासाठी फ्रीज उघडला आणि त्याने आणलेल्या खिम्याच्या पुड्या त्याच्यासमोर आल्या.

"मला फसवता? खाटकाच्या घरात डाळ?" त्याने मला अंगणात भिरकावलं. दगडावर आपटून माझा कान तुटला. पण मला माझं काहीच वाटलं नाही, कारण पैलवान धापा टाकत दाराला टेकला होता. त्याचा चेहरा घामाने डबडबला होता. मी फार घाबरले.

"अहो, बसा आधी!" बायको धावली.

मुलीने त्याचा हात घट्ट धरला. "बाबा, हवं तेवढं ओरडा, पण आम्हाला सोडून जाऊ नका. आणि तुम्हीच सांगता ना, जनावर वाढवायला केवढा चारा, केवढं पाणी लागतं? यंदा तळं आटलंय. सगळ्यांनी मांस थोडं कमी खाल्लं, तर तळ्यालाही दम मिळेल."

हळूहळू त्याचा श्वास जागेवर आला. तो उठला, अंगणातून मला उचलून घेऊन आला आणि कसनुसा हसला. "मसूर ओळखता आली नाही, आणि म्हणे खाटीक! दोनदा म्हणाल्या ना बाई? मग दोनदाच."

मित्रांनो, कान तुटला तरी मी अजून शिजवते, मी बिडाची आहे. तुमचं काळीज बिडाचं नाही. ते दुखायची वाट बघू नका.