डार्टबोर्डामागची खोली

क्लिफर्डने पबात पिऊन गेलेल्या तिसऱ्या राजाची गोष्ट सुरू केली, तसं पाहणीला आलेल्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. लीड्समधला तीनशे वर्षांचा पब खरा, पण आत जुनं काय उरलंय ते दाखवा, असं त्या दुसऱ्यांदा म्हणाल्या. काही सापडलं तर इमारत जतन करायच्या सरकारी यादीत जाणार, नाहीतर सोमवारी 'ग्रे हेरन' पाडून तिथे फ्लॅट. राजे झाले, दरोडेखोर झाले, पुरावा म्हणाल तर शून्य. पब चालवणाऱ्या क्लिफर्डचा चेहरा पार उतरला होता.

तेवढ्यात मिस विनिफ्रेड थॅकरे आल्या. वय शहाऐंशी. दर शनिवारी चॅपलचं मासिक घेऊन यायच्या, दारू कशी घर बुडवते ते टेबलाटेबलाला ऐकवायच्या. बाईंनी जन्मात थेंबाला हात लावला नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. त्यांना बघून सत्तरीचे बाप्येसुद्धा ग्लास लपवत.

आज त्यांनी मासिकं खाली ठेवली. हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"क्लिफर्ड, तो डार्टबोर्ड काढ. मागे ठोकून बघ."

आवाज पोकळ! मग कुणाला दम धरवतोय? पहार आली, फळ्या निघाल्या, आणि धुळीतून एक चिंचोळी खोली दिसली. लाल चामड्याचा बाक. काउंटरकडे उघडणारी, पण पलीकडून बाटल्यांच्या मांडणीआड गेलेली दुधी काचेची सरकती खिडकी. बायकांना कुणाच्या नजरेस न पडता पिता यावं म्हणून केलेली खोली. पाहणीच्या बाई तर फोटोच काढत सुटल्या. हे पाडायला आता कोण येतंय ते बघतेच, म्हणाल्या. क्लिफर्डने आनंदाने त्यांना मिठीच मारली.

रोजचं गिऱ्हाईक असलेल्या म्हाताऱ्या आयझॅकला मात्र राहवेना.

"पण बाई, या फळ्या एकोणीसशे चौसष्टापासून आहेत, मागे खोली आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. तुम्हाला कशी माहीत?"

आईकडून ऐकलं, असं बाईंनी सांगितलं असतं तरी चाललं असतं. बाईंचा हात कोटावरच्या चॅपलच्या बिल्ल्याकडे गेला.

"दर शुक्रवारी यायचे. मागच्या दाराने."

कुणी हसलं नाही. बाई आत गेल्या, मासिकाने बाक झटकला आणि बसल्या. भिंत उखडलेली, त्यामुळे सगळ्या पबला त्या दिसत होत्या. क्लिफर्डने काउंटरमागची मांडणी सरकवली आणि जोर लावून खिडकी उघडली.

"काय देऊ?"

"काळी बिअर. अर्धा ग्लास." बाई म्हणाल्या, "आणि खिडकी लावून घे."