आत जागा नाही

निळं टोपण. मेथीची कोमेजलेली जुडी. कुणाच्या तरी मोबाईलवर लग्नातली वरात. तापलेल्या टायरचा वास.

वामनरावांच्या मुठीत नुसतं टोपणच होतं. दम्याचा पंप पिशवीत, पिशवी जीपच्या टपावर मिरचीच्या पोत्यांखाली... आत जागा नाही म्हणून फिरोजनं दारव्ह्याच्या बाजारातच ती वर टाकली होती. आणि आता रस्त्याकडेच्या थ्रेशरचा धुरळा खिडकीतून येऊन सरळ छातीत बसला होता.

फिरोजनं जीप थांबवली. त्यांचाच जुना विद्यार्थी. "सर, मोठा श्वास घ्या."

"लंबा सास घ्या ना, मास्तर," शेजारी दाटून बसलेली हंसाबाई म्हणाली.

घ्या, घ्या... अरे, घेऊ कुठं? आधी घेतलेलाच बाहेर निघत नाही, आणि हे वरून आणखी भरायला सांगतात — फुप्फुस फुगलं की त्यातली नस मेंदूला कळवते, पुरे, आता सोड. तो निरोप आत्ताही जात असणार, शिस्तीत, पण धुरळ्यानं चिडलेल्या दुसऱ्या नसा त्याच्यावर ओरडताहेत, नळ्या आवळा, ओढा, पटपट ओढा — एका वर्गात दोन मास्तर, दोघांच्याही हातात छडी — आणि हे सगळं बोलून सांगायचं, तर बोलायलाही श्वास सोडावाच लागतो...

त्यांनी बोट वर केलं. टपाकडे.

"अहो, असं अभद्र काहून करून राह्यले?" विमलताईंनी नवऱ्याचं बोट धरून खाली ओढलं. "काही नाही होत तुमाले."

"देवाचं नाव घ्या, मास्तर," हंसाबाईनं हात जोडले.

पुन्हा घ्या! वामनरावांना ओरडावंसं वाटलं. त्यांनी मूठ उघडून टोपण विमलताईंच्या नाकासमोर नाचवलं.

"अगं बाई, पंप. फिरोज, पिशवी वरतं हाय."

"तर बोलाचं ना, सर," म्हणत फिरोज टपावर चढला. डोक्यावर पोती सरकू लागली. मिरचीची पूड झिरपत होती. ओठांचा चंबू करून वामनराव चूल फुंकावी तशी हवा बाहेर ढकलत राहिले, पोटानं, पाठीनं, बरगडी बरगडीनं... थोडी गेली. आणखी थोडी... राग कुणावर होता, ते आता नीट आठवेना.

तीस वर्षं त्यांनी सातवीच्या फळ्यावर लिहून दिलं होतं : श्वास सोडायला कष्ट पडत नाहीत.