सकाळच्या चहातलं

कडू ते कडू राहो, गोडाच्या पदराआड;
बाळाच्या ओठी लावू, नाव त्याचं नको काढ.

सासूचा तो आवाज तिला अजून ऐकू येतो. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा सासूने अंथरूण धरलं होतं, पण गळा वाहत्या पाण्यासारखा होता. लेकाला लहानपणी औषध पाजताना स्वतः रचलेलं गाणं ती नव्या सुनेला म्हणून दाखवायची आणि शेवटी बजावायची, "त्याच्या हातावर ठेवलंस तर फेकून देईल, बाई. कपातून दे. आणि काय दिलंस ते मरेपर्यंत सांगू नकोस. खरं त्याला पचत नाही."

तो लेक आता भाजलेल्यांच्या वॉर्डात खिडकीकडच्या खाटेवर कण्हत होता, आणि ती थर्मासचं झाकण फिरवत होती.

"आणलास?" तो म्हणाला. "का आजही कडूच?"

"साखर जास्त घातलीय."

उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत पट्ट्यांत, मानही तशीच. तिने कप ओठांना लावला. त्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि तरी सगळा प्याला.

"हिच्या हाताची चवच गेली, सिस्टर. पूर्वी काय चहा करायची! आता प्यावा की खिडकीतून ओतावा, कळत नाही."

"पाजायला कोणी आहे ना, काका? मग गप प्या," सिस्टर म्हणाली. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा हसला. तीही हसली. या हसण्याची तिला सवय होती.

तो ओतशाळेत मिस्त्री होता. पितळ वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचं आणि पंपाचे पंखे काढायचे, हे त्याचं काम. ओतण्याआधी साच्याजवळ गाल नेऊन ओल तपासायची, ही त्याची रीत. पिऊन आला असला तरी ती चुकली नव्हती. हात थरथरायचे, जीभ अडखळायची, गाल मात्र कधी फसला नव्हता. काल तो पूर्ण शुद्धीत होता, आणि बोलत होता. समोर लंब्या उभा होता. ओतशाळेतला त्याचा जोडीदार, कधीकाळचा बाटलीतलाही. लंब्याने डॉक्टरांकडे जाऊन दारू सोडायची गोळी सुरू केली होती, चारचौघांत सांगून घ्यायचा, आणि सुटला होता. मिस्त्रीने त्याचं नाव गोळीवाला ठेवलं होतं.

"गोळी गिळून सोडलीस, त्यात कसली मर्दुमकी रे? आईने नाक दाबून पाजल्यासारखं! मला बघ. मनगट लागतं, मनगट!"

मनगट दाखवण्याच्या नादात गाल न्यायचा राहिला. ओल्या वाळूत तापलेलं पितळ पडलं, पाण्याची वाफ झाली, आणि पितळ आल्या वाटेने उलटं उसळलं. मिस्त्रीचा पेटलेला सदरा लंब्याने स्वतःच्या हातांनी ओरबाडून काढला. त्याला रिक्षात घालून इथवर आणलं तेही लंब्यानेच.

दारू सुटावी म्हणून मिस्त्रीला दवाखान्यात न्यायला तिने पूर्वी कितीतरी विनवण्या केल्या होत्या. शेवटी तो लंब्याच्याच डॉक्टरांकडे एकदाच गेला. "नवऱ्याची बेअब्रू ऐकायला आत यायचं नाही," म्हणून तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. आत डॉक्टर बराच वेळ काहीतरी समजावत होते. दाराच्या काचेतून तिला त्यांचा हलणारा हात दिसत होता, शब्द मात्र एकही ऐकू आला नव्हता. घरी येऊन त्याने गोळ्यांचं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "माणसाला औषध देऊन माणूस करतात म्हणे!"

ती डब्याशी वाकली. बटाट्याच्या सालांतून पाकीट काढलं, पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीच्या बुडाने गोळी चुरली आणि कपात घातली. सासूचा गळा कानात वाहत होता.

पहिले काही दिवस तो पीतच राहिला. पण पिऊन आतला दिवा पेटेना. "भेसळ करतात साले. पूर्वीचा दम राहिला नाही मालात," तो करवादायचा. मग गुत्ता बदलला. मग अर्धा पेला तसाच टाकून उठू लागला. मग एका संध्याकाळी सरळ घरी आला, पाय धुतले, आणि म्हणाला, "सोडली."

ती स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडली. पाकिटं संपत, ती जुनी चिठ्ठी दाखवून नवी आणी. मामाकडे ठेवलेली लेक घरी परत आली.

प्यायचा तेव्हा तो मारायचा, आणि मग तिच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडायचा. आता तो मारत नव्हता. रडतही नव्हता. प्यालेल्याचा घाव कुठेही बसायचा. शुद्धीतला माणूस शब्दांनी मारतो, जागा बघून. पाहुण्यांसमोर तो म्हणायचा, "हिने काय केलं? ही नुसती मुळूमुळू रडायची. मी सोडली. एकट्याने." लेकीला सांगायचा, "बापावर जा. आईवर गेलीस तर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत जन्म जाईल." ती कप विसळायची, तळाशी राहिलेला पांढरा गाळ बोटाने पुसून काढायची.

काल इथे आल्या आल्या डॉक्टरीण बाईंनी विचारलं होतं, "काही औषधं चालू आहेत का यांना?"

तो ओरडतच म्हणाला, "औषध? मला?" आणि तिच्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

मग मोठं इंजेक्शन दिलं, पण गुण आला नाही. पुन्हा दिलं. जळलेली कातडी सोलून काढत होते आणि तो खाटेचा दांडा चावत होता. बाईंनी केसपेपर चाळला. "पूर्वी भरपूर घ्यायचे ना? या माणसांना काही पुरत नाही. आणि मागायची सवयही असते."

"मी? नशेवर थुंकलेला माणूस आहे मी, डॉक्टर! स्वतःच्या मनाने सोडलीय. मी कशाला मागू? विचारा हिला. सांग की गं!"

"हो," ती म्हणाली. "मनानेच सोडली."

सिस्टरने तिला बाजूला घेतलं. "मावशी, समजवा त्यांना. इंजेक्शनसाठी नाटकं करतात अशी माणसं. आम्ही रोज बघतो."

नाटक तिला ओळखता येत होतं. संसारभर तेच पाहिलं होतं. हे नाटक नव्हतं. पण मग काय होतं, ते तिला कळेना. एवढंच कळलं की इतकं दुखल्यावर माणूस बाटलीकडे धावेल. म्हणून आज सकाळी तिने वाटीचं बुड नेहमीपेक्षा जोरात दाबलं आणि थर्मास भरला.

लंब्या आला तेव्हा दुपारच्या पट्ट्यांची वेळ होत आली होती. त्याच्याही दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या. तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी, मध्ये थर्मास ठेवून बसला.

"आत जाऊ का, वहिनी?"

"नको. तुम्हाला पाहिलं की बोलतील."

"बोलू दे. बोलण्याने कुठे भाजतं..." तो दाराकडे वळला. आतून ओरडणं आलं. "एवढं इंजेक्शन देऊनही?"

"लागूच पडत नाही. नाटक करतात म्हणतात."

"मिस्त्री नि नाटक? पायावर पितळ सांडलं होतं तेव्हा शिट्टी वाजवत घरी गेलेला माणूस!" त्याने मान हलवली. मग खिशातून, पट्टीतल्या बोटांनी कसंबसं, एक कार्ड काढलं. "हे माझं असं झालं असतं तर समजलो असतो."

"काय आहे ते?"

"माझ्या गोळीचं. खिशातच ठेवायचं असतं. ही गोळी दारूची जागा अडवून बसते ना, तशी त्या दुखणं मारायच्या मोठ्या इंजेक्शनचीही अडवते. टोचलं तरी पाणी टोचल्यासारखं. म्हणून अपघात झाला तर आधी सांगायचं, म्हणजे दुसरं काही देता येतं. डॉक्टर पहिल्याच दिवशी घोकून घेतात. मिस्त्रींनाही सांगितलं असणार, ते गेले होते तेव्हा. पण त्यांनी कुठे..."

तिला दाराची काच दिसली, आणि काचेमागे हलणारा डॉक्टरांचा हात.

"सकाळी घेतली तर," ती म्हणाली, "संध्याकाळपर्यंत उतरते?"

"छे. दुसरा दिवसही जातो. का?"

ती थर्मासकडे पाहत होती. लंब्याने तिच्याकडे पाहिलं, मग थर्मासकडे. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"वहिनी. चहातून?"

तिने थर्मास जवळ ओढला.

"आजसुद्धा?"

कॉरिडॉरच्या टोकाला पट्ट्यांची गाडी दिसली. तिचं एक चाक कुरकुरत होतं. वर चिमटे, कात्री, कापसाचा ढीग.

"मी सांगतो आत," लंब्या उठला. "तुम्ही बसा."

"नको." तिने त्याची बाही धरली. "त्यांना कळलं तर पुन्हा सुरू करतील. 'मी सोडली' यावरच उभे आहेत ते. त्यांच्यापाशी दुसरं काही नाही."

"करतीलही," लंब्या म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "पण आत्ता जिवंतपणी सोलणार आहेत त्यांना."

गाडी त्यांच्यासमोरून आत गेली.

ती उठली. थर्मास हातातच राहिला. वॉर्डात सिस्टरने पडदा ओढला होता, कात्री पट्टीखाली सरकवली होती. मिस्त्रीचे ओठ पांढरे पडले होते, पण पडद्याच्या फटीतून लंब्या दिसताच ते हलले.

"आला का गोळीवाला! ये, बघ. नुसत्या मनगटावर सोसतोय. तुझ्यासारखा..." कात्री ओढली गेली, आणि पुढचं वाक्य आरोळीत गेलं.

"थांबा," ती म्हणाली.

"मावशी, बाहेर थांबा तुम्ही."

"डॉक्टरीण बाईंना बोलवा. यांना दुसरं काहीतरी द्यावं लागेल. हे इंजेक्शन लागू पडणार नाही."

सिस्टर वैतागली. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

तिने पाकिटावर वाचलेलं नाव घेतलं. ते तिने आजवर मोठ्याने उच्चारलं नव्हतं. अक्षरं जिभेवर दगडांसारखी आली, एकेक करून. सिस्टरच्या हातातली कात्री थांबली. "नाल्ट्रेक्झोन? कोणाला चालू आहे?" आणि उत्तराची वाट न पाहता ती बाईंना हाक मारत धावली.

पडद्याआड दोघंच उरली. ओरडणं थांबलं होतं. त्याने हे नाव ऐकलेलं होतं, त्या एकाच दिवशी, बंद दाराआड. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, मग तिच्या हातातल्या थर्मासकडे.

"कडू," तो पुटपुटला. मग लहान मुलाच्या आवाजात विचारलं, "कोणाला गं? कोणाला देत होतीस?"

तिने थर्मास खाटेच्या कडेला ठेवला. झाकण नीट बसलं आहे का ते पाहिलं.

"तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही सोडली नव्हती हो. मी सोडवली. रोज सकाळच्या चहातून."