जेम्सची सुरावट

नंदाखाल गावच्या रोझलीनला कुणी गाण्याची फुकटातली फाइल पाठवली, तर ती उघडतसुद्धा नसे. नवऱ्याने लावलेली सवय. जेम्स ट्रम्पेट वाजवायचा, आणि वसईतल्या लग्नांत त्याच्या बँडला मोठा मान होता. "दुसऱ्याचं वाजवणं चोरायचं, म्हणजे आपणच आपल्या पोटावर पाय द्यायचा," असं म्हणत तो एकेक गाणं ऑनलाइन दुकानातून रीतसर विकत घ्यायचा. त्याच दुकानात त्याची स्वतःचीही एक सुरावट होती. मुलगी प्रियल जन्मली तेव्हा बांधलेली आणि पुढे एका लहानशा कंपनीने काढलेली. ती कंपनी पुढे बुडाली, सुरावट विक्रीतून गेली. ज्यांनी आधी विकत घेतली होती, त्यांच्याच खात्यात काय ती उरली. जेम्सने आपल्याच वाजवण्याचं पहिलं गिऱ्हाईक व्हायची हौस तेव्हा भागवून घेतली होती, म्हणून ती या घरात होती.

जेम्स गेल्यावर रोझलीनने ती लावली नाही. धीरच झाला नाही. पण प्रियलचं लग्न ठरलं, आणि पोरगी म्हणाली, "मम्मी, हॉलमध्ये शिरताना मला पप्पांचंच वाजवणं हवं."

जुना लॅपटॉप कधीच बंद पडला होता. प्रियलने नव्या लॅपटॉपवर वडिलांचं खातं उघडलं, तर पडद्यावर सूचना आली: या खात्यावर पाच उपकरणांची मर्यादा पूर्ण झाली आहे. ती पाच कोणती म्हणून पाहिलं, तर यांच्या घरातलं एकही नाही. सगळ्यांच्या नावापुढे 'ऑस्टिन ब्रास'.

ऑस्टिन म्हणजे जेम्सचा लाडका चेला. शाळेत असल्यापासून घरी शिकायला यायचा आणि जेवूनच जायचा. जेम्सच्या मागे बँड त्यानेच चालवायला घेतला. "सरांचं ऐकून रियाज करतो, आंटी," असं म्हणाला, तेव्हा रोझलीनने खात्याचा पासवर्ड त्याला आपणहून सांगितला होता.

सगळी उपकरणं एकदम काढून टाकायची सोय होती, पण ती वर्षातून एकदाच. ती आधीच वापरून झाली होती. प्रियलने दुकानाच्या मदत केंद्राला फोन लावून आईच्या हातात दिला.

"मॅडम, ज्याच्याकडे उपकरण आहे त्यालाच त्यावरून ते काढता येईल," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"अहो, पण गाणं आमचं आहे. विकत घेतलंय."

"गाणं नाही मॅडम, ते ऐकण्याचा परवाना घेतलाय तुम्ही. अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं."

"माझ्या नवऱ्याने वाजवलंय ते!"

"समजू शकते, मॅडम."

रोझलीनने फोन ठेवला. दुकानाचा राग आला, पण ऑस्टिनचा नाही. विसरला असेल बिचारा, सांगितलं की काढेल, असं तिने स्वतःलाच समजावलं. तो फोन घेईना. रविवारी माणिकपूरच्या एका हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम आहे असं कळलं, तशा मायलेकी रिक्षा करून तिथे गेल्या.

आत शिरतात तोच नवरानवरी येत होती. स्टेजवर 'ऑस्टिन ब्रास'च्या पाटीपुढे पांढऱ्या कोटातला ऑस्टिन, ओठांना ट्रम्पेट, आणि हॉलभर जेम्सची सुरावट. रोझलीनचे डोळे भरून आले. किती हुबेहूब शिकलाय पोरगा! जेम्स असता तर त्याची पाठ थोपटली असती.

मग शेवटचा उंच सूर जवळ आला, आणि त्याच्या आधी एक श्वास अडखळला. रेकॉर्डिंगच्या दिवशी जेम्सला खोकला होता. तो अडखळलेला श्वास तसाच राहून गेला, म्हणून तो कितीतरी दिवस हळहळला होता. आता तोच श्वास स्पीकरमधून आला. ऑस्टिनचे गाल मात्र फुगलेलेच होते. सूर संपायच्या आधी त्याने ट्रम्पेट खाली घेतला आणि टाळ्यांसाठी मान लववली.

प्रियलने आईचा दंड घट्ट धरला. तिलाही कळलं होतं.

ऑस्टिन खाली उतरला आणि त्यांना बघून चपापला. "आंटी! कळवलं असतं तर गाडी पाठवली असती."

"तू वाजवत नव्हतास."

तो इकडेतिकडे बघू लागला. "हळू बोला ना. वरचे सूर लागत नाहीत माझे. आणि लोकांना तेच हवं असतं. सरांचंच नाव होतंय ना शेवटी?"

"मागे पाटी कुणाच्या नावाची आहे?"

तो रुमालाने ट्रम्पेट पुसू लागला.

"आणि आमचा लॅपटॉप का काढलास खात्यातून?"

"जागा नव्हती, आंटी, म्हणून सगळीच काढून परत माझी टाकली. तुम्ही कुठे ऐकत होता? तो कित्येक दिवस बंदच दिसत होता. म्हटलं, तुम्हाला आता कशाला लागतंय."

रोझलीनला वाटलं, याच्यापेक्षा त्याने खोटं बोललेलं परवडलं असतं. तिला ती सुरावट लावण्याचा धीर होत नव्हता, आणि हा ते बंद दार बघून घर रिकामं आहे म्हणून आत शिरला होता.

"काढ," ती म्हणाली. "आत्ता, माझ्यासमोर."

त्याने स्टेजजवळचा लॅपटॉप खात्यातून काढला. बाकीची उपकरणं घरी आहेत, उद्या काढतो, म्हणाला. ती त्याने काढली नाहीत. प्रियलने पासवर्ड बदलला, तरी त्या चारांवर उतरवलेलं गाणं वाजतच राहणार होतं, आणि वाजतही असणार. रोझलीनने त्याला पुन्हा फोन केला नाही, लग्नाची पत्रिकाही पाठवली नाही.

रिकाम्या झालेल्या जागेवर प्रियलचा लॅपटॉप बसला. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर जोडपं हॉलमध्ये शिरलं, आणि जेम्सचा ट्रम्पेट सुरू झाला. रोझलीन डोळे मिटून उभी राहिली. जेम्सचा चेहरा आठवायचा म्हणून तिने ते मिटले होते, पण आधी आले ते ऑस्टिनचे फुगलेले गाल.

शेजारी नवरदेवाची मावशी उभी होती. ती कौतुकाने वाकून म्हणाली, "हे ऑस्टिनचं ना? आमच्या भाचीच्या लग्नातही त्याने हेच वाजवलं होतं. काय सूर आहे पोराचा!"

"माझ्या नवऱ्याचं आहे," रोझलीन म्हणाली.

"हो का?" मावशीने समजूतदारपणे तिचा हात थोपटला. "अगदी ऑस्टिनसारखं वाजवायचे हो ते."